साखर कारखान्याचं फाटक आणि त्यापलीकडचा हिशेब

फाटकाच्या आत

एक टन उसातून साधारण शंभर ते सव्वाशे किलो साखर निघते. बाकीचंही फारसं फुकट जात नाही. रस काढून उरलेलं चिपाड, म्हणजे बगॅस, २८-३० टक्के भरतं आणि बॉयलरमध्ये जळतं. त्या वाफेवर आधी टर्बाइन फिरतं, मग कमी दाबाची तीच वाफ रस आटवते. ही सहवीजनिर्मिती, गरज भागून उरलेली वीज विकली जाते. मळीचं इथेनॉल होतं, रस गाळून उरलेल्या गाळाचं, म्हणजे प्रेसमडचं, खत. उसात सत्तर टक्के पाणीच असतं, त्यामुळे रसाची वाफ थंड करून ते पाणी पुन्हा वापरता येतं.

अडतं ते इथेनॉल काढणाऱ्या आसवनीच्या सांडपाण्यापाशी. लिटरभर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. तो आटवून जाळावा लागतो किंवा प्रेसमडमध्ये मुरवून कंपोस्ट करावं लागतं. यात कुचराई झाली की आधी ओढ्याकाठच्या विहिरींना कळतं, अधिकाऱ्यांना नंतर.

शिवारात

कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या मते महाराष्ट्रात चार टक्क्यांहून कमी पीकक्षेत्र असलेला ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी पितो. ठिबक आणि पाचटाचं आच्छादन हे उपाय जुनेच आहेत, पण पाण्याची आकारणी क्षेत्रावर असेल तर ते वाचवण्याची घाई कोणाला?

कोयता

तोडीनंतर उशीर झाला की साखरेचा उतारा घटतो, म्हणून ऊसतोड मजुरांची टोळी रात्रीही गाडी भरते. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फेडेपर्यंत सुट्टी म्हणजे खाडा, आणि खाड्याला दंड. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. बीडमध्ये २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. आता ऊसतोड मजुरांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेतले जातात. तरतूद योग्यच, पण मजूर ‘मुकादमाचे’ ठरल्याने कारखान्याच्या हजेरीपटावर ते नसतातच.

विचारणार कोण?

शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. सहकारी कारखाने शेअर बाजारात नाहीत, म्हणून थेट त्या कक्षेत येत नाहीत. त्यांची साखर घेणाऱ्या शीतपेय आणि बिस्किटांच्या मोठ्या कंपन्यांपैकी अनेक येतात. त्यांनी खरेदीच्या करारातच उचलीची लेखी नोंद आणि मजुरांची यादी मागावी. कारखान्याला हे जड नाही: कोणाच्या शेतातला ऊस, कोणत्या गाडीतून, कोणत्या मुकादमाच्या टोळीने आणला, याची पावती काट्यावर आजही फाडली जाते.