आकडा सावलीतला, भांडण उन्हातलं

“काल बावन्न होतं. पेपरात बेचाळीस छापलंय. दहा अंश खाल्ले यांनी!” मे महिना उतरणीला लागला की आळंदच्या चहाच्या टपरीवर हे ऐकल्याशिवाय दिवस जात नाही. (आळंदी नव्हे, आळंद. कलबुर्गी जिल्ह्यातलं, उमरगा-अक्कलकोटला लागून असलेलं.) पुरावा म्हणून कोणी मोबाइल पुढे करतं, तर कोणी गाडीच्या डॅशबोर्डचा फोटो. कारणही तयारच असतं: खरा आकडा सांगितला तर कचेऱ्या बंद ठेवाव्या लागतील, मजुरांना सुटी द्यावी लागेल, म्हणून सरकार दाबून सांगतं.

आधी या कारणाचाच निकाल लावू. कलबुर्गी विभागात एप्रिल-मेमध्ये सरकारी कचेऱ्या सकाळी ८ ते दुपारी दीड अशा चालतात, हे टपरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दोननंतर तहसीलला जाऊन कुलूप पाहिलेलेच लोक आहेत सगळे. हा आदेश कॅलेंडर बघून निघतो, तापमापक बघून नाही. आखातात पन्नासचा आकडा म्हणे मुद्दाम जाहीर करत नाहीत, ही त्याच गोष्टीची परदेशी आवृत्ती. संयुक्त अरब अमिरातीत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद असतं ते १५ जून ते १५ सप्टेंबर. तिथेही तारीखच बघतात. जो आकडा लपवून काही वाचत नाही, तो कोण कशाला लपवेल?

मग दहा अंश जातात कुठे? कुठेच जात नाहीत. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात.

हवामान खातं हवेचं तापमान मोजतं. उन्हाचं नाही, रस्त्याचं नाही, पत्र्याचं तर नाहीच. तापमापकावर थेट ऊन पडलं की काच आणि पारा स्वतःच तापतात, आणि मग तो हवेचं नव्हे, स्वतःचं तापमान सांगू लागतो. म्हणून तो पांढऱ्या रंगाच्या लाकडी पेटीत ठेवतात. पेटीला चारी बाजूंनी दुहेरी झडपा असतात, म्हणजे वारा आत खेळतो पण ऊन शिरत नाही. दार उत्तरेला. तापमापकाचा फुगा जमिनीपासून साधारण चार फुटांवर. ही पेटी एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याने घडवली (‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे हे वडील) आणि आजही तिला त्याचंच नाव आहे. जागतिक हवामान संघटनेची अटही तीच: सावली, मोकळा वारा, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर. कलबुर्गी, पुणे, लंडन, सगळीकडे एकच नियम, म्हणून तर कलबुर्गीच्या आकड्याची पुण्याच्या आकड्याशी तुलना करता येते.

गाडीतला तापमापक पुढच्या बंपरजवळ असतो: खाली तापलेलं डांबर, मागे इंजिन. उन्हात उभी गाडी सुरू करून लगेच फोटो काढलात तर बावन्न दिसणारच. मोबाइलचं तर त्याहून मजेशीर. त्यात बाहेरची हवा मोजणारं काही नसतंच. अ‍ॅपवरचा आकडा म्हणजे संगणकाने त्या पट्ट्यासाठी केलेला हिशेब. त्याखाली ‘फील्स लाइक’ म्हणून आणखी एक आकडा असतो, तो आर्द्रता धरून काढलेला. मुंबईच्या दमट हवेत तो खऱ्या तापमानाच्या बराच वर जातो. आमच्या कोरड्या हवेत तो बरेचदा जवळपास तेवढाच, कधी खालीसुद्धा असतो. घाम उडतो, माठातलं पाणी गार होतं, कूलर चालतो, तो याच कोरडेपणामुळे.

इथे कोणीतरी हमखास विचारतं, “मग दिल्लीत ५२.९ कसं झालं, आणि नंतर कमी का केलं?” प्रश्न चांगला आहे. २९ मे २०२४ ला दिल्लीच्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ दाखवलं. हवामान खात्याने तिथे प्रमाणित उपकरण नेऊन शेजारी ठेवलं, तेव्हा केंद्राचा संवेदक सुमारे ३ अंश जास्त दाखवतो असं आढळलं, आणि खात्याने ते जाहीर केलं. त्याच आठवड्यात नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं. जगातला मान्य उच्चांक कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा, ५६.७, तोही १९१३ चा. भारताचा ५१.०, राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा. म्हणजे नागपूर एका दुपारीत फलोदीला पाच अंशांनी मागे टाकून डेथ व्हॅलीच्या दारात पोचलं, आणि त्याच शहरातल्या नेहमीच्या वेधशाळेला पत्ता नाही! यंत्रं चुकतात. पण चूक कुठल्या बाजूची होती ते बघा: दोन्ही ठिकाणी आकडा फुगला होता. आणि फलोदीचे ५१ तर याच खात्याने जाहीर केले.

तरीही विश्वास बसत नसेल तर स्वतःच परीक्षा घेऊन बघा. एकाच निरभ्र दुपारी पाठोपाठ दोन मापं घेतली की हवा तीच, ऊन तेच. मग आकड्यात फरक पडला तर तो हवेचा नसतो, जागेचा असतो. एक साधा तापमापक घ्या. दुपारी तीनला अंगणातल्या शहाबादी फरशीवर उन्हात ठेवा. मग लगेच तोच लिंबाच्या दाट सावलीत, भिंतीपासून लांब, छातीएवढ्या उंचीवर टांगा आणि पंधरा मिनिटं थांबा. दोन्ही आकडे वहीत लिहा. तुमचे ‘खाल्लेले’ अंश त्या दोन ओळींच्या मध्ये सापडतील.

एक गोष्ट मात्र टपरीची खरी आहे. उघड्या रानात खुरपणाऱ्या बाईच्या अंगावर हवाही येते, ऊनही येतं आणि काळ्या जमिनीची धगही. तिला सोसावं लागतं ते बेचाळीसपेक्षा जास्तच. पेपरातला आकडा तिच्या अंगाचं माप नाही, आणि तो तसा असल्याचा दावाही कोणी केलेला नाही.

बाकीच्या समजुती किरकोळ. बाराला ऊन सगळ्यात कडक, पण हवा सगळ्यात तापते ती अडीच-तीनच्या सुमाराला, कारण जमीन तापून तिने हवा तापवायला वेळ लागतो. सूर्य आळंदच्या बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात, २१ जूनला नव्हे; तोवर आपल्याकडे ढग आलेले असतात. ‘पृथ्वी सूर्याजवळ आली म्हणून उकडतंय’ हा मेसेज पाठवणाऱ्याला सांगा, ती सर्वांत जवळ जानेवारीत असते. रोहिणी तापली नाही तर मृग कोरडा, असं म्हणतात. पण मान्सूनची जडणघडण समुद्रावर हजारो किलोमीटरच्या पसाऱ्यात होते, आळंदच्या आठवडाभराच्या उन्हावर नाही. खिशातला कांदा ऊन शोषत नाही, खाल्लेला बरा.

आणि शेवटची तक्रार: “आमच्या रानात वळीव धो धो पडला, आळंदला नोंद शून्य.” दोन्ही खरं असू शकतं. वळवाचा ढग एका शिवारात कोसळतो आणि बांधापलीकडे धूळ उडत असते. म्हणून तर कर्नाटकाच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक आणि प्रत्येक होबळीत (तालुक्याच्या उपविभागात) हवामान केंद्र बसवलंय. खजुरी गावचा पाऊस खजुरीच्या आकड्यात शोधा. आणि तारीखही नीट बघा: हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी पडलेला वळीव बुधवारच्या नोंदीत सापडेल.