जहाजाच्या पाठीवरील धावपट्टी

जमिनीवरून उडणाऱ्या जेट विमानाला लांबलचक धावपट्टी लागते, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. गोव्यातील दाबोळीची धावपट्टी तीन किलोमीटरांहून अधिक लांब आहे. त्याच्या उलट, कोचीच्या गोदीत बांधलेली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका टोकापासून टोकापर्यंत मोजली तरी अवघी २६२ मीटर भरते. तेवढ्या जागेत विमानांनी उडावयाचे, उतरावयाचे आणि उभेही राहावयाचे. शिवाय ही धावपट्टी स्थिर नाही. ती पुढे सरकत असते, लाटांबरोबर खालीवर होत असते आणि कुशीवरही कलत असते. अशा जागेवरून काही टन वजनाचे जेट विमान सुखरूप ये-जा कसे करते, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण या विद्येतील प्रत्येक सुधारणेच्या मागे कोणाचा तरी प्राण गेलेला आहे किंवा पणाला लागलेला आहे.

या विद्येची पहिली किल्ली म्हणजे वारा. पतंग उडविणारा मुलगा वाऱ्याच्या तोंडी धावतो, तेव्हा पतंग लवकर वर चढतो. विमानाच्या पंखांनाही जमिनीवरचा वेग कळत नाही. त्यांना कळतो तो अंगावरून वाहणाऱ्या हवेचा वेग. म्हणून विमाने सोडताना व घेताना जहाज वाऱ्याकडे तोंड करून वेगाने चालविले जाते. जहाजाचा वेग ताशी ३५ किलोमीटर आणि समोरून येणारा वारा ताशी २० किलोमीटर असला, तर डेकवर उभ्या असलेल्या विमानाला ताशी ५५ किलोमीटरांचा वारा आयताच मिळतो. उतरतानाचा लाभ तर याहूनही मोठा आहे. ताशी २४० किलोमीटर वेगाने येणारे विमान अशा डेकच्या हिशेबाने ताशी १८५ किलोमीटर वेगानेच येते. वेग चौथाईपेक्षाही कमी घटला, असे वरवर दिसते. परंतु गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे थोपवावयाची ऊर्जा सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरते.

जहाजावरून पहिले विमान उडविण्याचा मान अमेरिकेच्या यूजीन एली या वैमानिकाकडे जातो. १४ नोव्हेंबर १९१० रोजी ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेवर बांधलेल्या लाकडी फलाटावरून त्याने उड्डाण केले. पुढे १८ जानेवारी १९११ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात तो ‘पेनसिल्व्हानिया’ या नौकेवर उतरला. त्या फलाटावर आडवे दोर ताणले होते आणि त्यांच्या दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या. विमानाच्या खाली लावलेल्या आकड्यांत दोर अडकले, पिशव्या फरफटत आल्या आणि विमान थांबले. युक्ती साधी होती, पण तिचे मूलतत्त्व आजही तेच आहे.

चालत्या जहाजावर उतरण्याचे धाडस मात्र ब्रिटिश नौदलाच्या एडविन डनिंगने प्रथम केले. २ ऑगस्ट १९१७ रोजी तो ‘फ्यूरियस’ या नौकेवर उतरला, तेव्हा डेकवरच्या सहकाऱ्यांनी त्याचे विमान अक्षरशः हातांनी धरून थांबविले. पाचच दिवसांनी तोच प्रयोग पुन्हा करताना त्याचे विमान कडेवरून समुद्रात कोसळले आणि त्याचा अंत झाला. माणसाच्या हातांवर विसंबून ही विद्या पुढे जाणार नाही, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

पंख्याच्या विमानांच्या काळात आडवे दोर आणि विमानाच्या शेपटीखालचा आकडा यांनी काम बरेच निभावले. ३ डिसेंबर १९४५ रोजी एरिक ब्राउन या ब्रिटिश वैमानिकाने ‘ओशन’ या नौकेवर पहिले जेट विमान उतरविले आणि नव्या अडचणींचा काळ सुरू झाला. जेट विमान जड. त्याचा उतरतानाचा वेग अधिक. त्यातून त्या काळच्या जेट यंत्राला आळसाचा दोष होता. वैमानिकाने शक्ती वाढविण्याचा दांडा पुढे सारला, तरी यंत्राला जोर चढावयास कित्येक सेकंद लागत. त्या काळी डेक सरळ असे. मागच्या अर्ध्यावर विमाने उतरत आणि पुढच्या अर्ध्यावर आधी उतरलेली विमाने उभी असत. दोहोंच्या मध्ये तारांचा अडसर उभारलेला असे. आकडा एकाही दोरात अडकला नाही, तर विमान त्या अडसरावर आदळे. अडसर ओलांडून गेले, तर उभ्या विमानांवर आणि माणसांवर कोसळे. वैमानिकाला दुसरी संधी नव्हती.

यावर उपाय म्हणून ब्रिटिशांनी एक विलक्षण प्रयोग करून पाहिला. विमानाची चाकेच काढून टाकावी, म्हणजे वजन वाचेल, आणि त्याला रबराच्या लवचीक डेकवर पोटावर उतरवावे! १९४८ मध्ये ‘वॉरियर’ या नौकेवर ब्राउन यांनी हे करूनही दाखविले. तथापि पोटावर उतरलेले विमान पुढे ढकलावयाचे कसे, हा प्रश्न उरलाच. १९५१ मध्ये या रबरी डेकचा विचार चालू असताना कॅप्टन डेनिस कॅम्बेल यांना निराळीच कल्पना सुचली. उतरण्याची पट्टी जहाजाच्या मध्यरेषेत न ठेवता काही अंशांनी डावीकडे तिरपी वळवावी. मग आकडा चुकला तरी विमानाच्या समोर ना अडसर, ना उभी विमाने. समोर मोकळा समुद्र. वैमानिकाने पुन्हा उडावे, फेरी घ्यावी आणि पुन्हा यावे. ‘ट्रायम्फ’ नौकेच्या डेकवर नुसत्या रंगाच्या रेषा ओढून ही कल्पना तपासली गेली आणि अमेरिकनांनी ‘अँटीटॅम’ या नौकेवर ती प्रत्यक्षात आणली. ज्या कल्पनेच्या चाचणीला रंगाचा डबा आणि कुंचला पुरला, तिने पुढे असंख्य वैमानिकांचे प्राण वाचविले.

दुसरी सुधारणा आरशाची. पूर्वी डेकच्या कडेला एक अधिकारी दोन्ही हातांत फळ्या घेऊन उभा राही आणि विमान उंच आहे की खाली, हे हातवाऱ्यांनी सांगे. जेटच्या वेगापुढे त्याचे हात अपुरे पडू लागले. तेव्हा ब्रिटिश नौदलातील निकोलस गुडहार्ट यांनी अंतर्वक्र आरशाची योजना काढली. आरशाच्या दोन्ही बाजूंस हिरव्या दिव्यांची आडवी रांग आणि आरशात प्रतिबिंबित होणारा एक तेजस्वी गोळा. गोळा हिरव्या रांगेच्या वर दिसला तर विमान उंच, खाली दिसला तर विमान नीच, आणि रांगेत दिसला तर मार्ग अचूक. जहाज हेलकावे खात असले तरी ही दिशा शक्य तेवढी स्थिर राहावी, अशी व्यवस्था त्यात केलेली होती. पुढे आरशाची जागा भिंगांनी घेतली, पण तत्त्व तेच राहिले. कडेला उभा राहणारा अधिकारीही गेलेला नाही. तो आता रेडिओवरून बोलतो आणि धोका दिसताच परत फिरण्याची आज्ञा देतो. ही आज्ञा वैमानिकाने निमूटपणे पाळावयाची असते.

तिसरी सुधारणा उड्डाणाची. गोफणीतून दगड जसा सुटतो, तसे विमान डेकवरून भिरकावणारे यंत्र म्हणजे कॅटापुल्ट. जुने कॅटापुल्ट द्रवाच्या दाबावर चालत. जेट विमानांसाठी त्यांचा दाब वाढवावा लागला आणि त्याबरोबर धोकाही वाढला. २६ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या ‘बेनिंग्टन’ या नौकेवर अशा यंत्रातील द्रवाचा स्फोट होऊन १०३ माणसे दगावली. सुदैवाने त्यापूर्वीच ब्रिटिश अभियंते कमांडर कॉलिन मिचेल यांनी वाफेचा कॅटापुल्ट सिद्ध केला होता. त्यात डेकच्या खाली दोन लांब नळकांडी शेजारी शेजारी असतात. प्रत्येकात एक दट्ट्या असतो आणि नळकांड्याच्या वरच्या फटीतून तो डेकवरच्या सरकत्या खुंटाशी जोडलेला असतो. विमानाचे पुढचे चाक या खुंटाशी जखडतात. मागून त्याला एका तुटत्या कडीने रोखून धरलेले असते. वैमानिक यंत्र पूर्ण शक्तीवर नेतो, तरी विमान हलत नाही. वाफ सोडताच कडी तुटते आणि दोन-तीन सेकंदांत विमान ताशी अडीचशे किलोमीटरांच्या आसपास वेग घेऊन डेकच्या टोकाबाहेर पडते. विमानाच्या वजनाप्रमाणे वाफेचा जोर आधी ठरवावा लागतो. तो कमी पडला तर विमान समुद्रात, आणि जास्त झाला तर विमानाच्या सांगाड्याला इजा. म्हणूनच उड्डाणापूर्वी विमानाचे वजन फलकावर लिहून वैमानिकाला दाखविण्याची आणि त्याच्याकडून होकार घेण्याची चाल पडली आहे.

उतरण्याची क्रिया पाहिली, तर तिच्यात एक गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटते. जमिनीवर उतरणारा वैमानिक अखेरीस विमानाचे नाक किंचित उचलतो आणि चाके हळुवार टेकवितो. डेकवर उतरणारा वैमानिक तसे करीत नाही. तो ठरलेल्या उतारावरून थेट खाली येतो आणि विमान धाडकन टेकते. हळुवारपणाच्या मोहात विमान पुढे गेले, तर दोर मागे राहतात. चाके टेकताक्षणीच तो यंत्राची शक्ती कमी करण्याऐवजी पूर्ण वाढवितो. कारण आकडा अडकला की नाही, हे त्या क्षणी त्याला ठाऊक नसते. अडकला नसेल, तर त्याला लगेच पुन्हा उडावयाचे असते. आणि त्या वेळी शक्ती मागू गेल्यास ती मिळेपर्यंत डेक संपलेला असतो. आकडा अडकल्यास पोलादी दोर ताणला जातो, दोराच्या टोकांशी जोडलेला डेकखालचा दट्ट्या द्रवाला अरुंद वाटेतून ढकलतो आणि त्या विरोधात विमानाची सारी ऊर्जा जिरते. शंभर मीटरांच्या आसपास आणि तीन-एक सेकंदांत विमान थांबते. ती अरुंद वाट विमानाच्या वजनानुसार कमीजास्त करता येते. त्यामुळे हलके विमान असो की जड, ते जवळपास तेवढ्याच अंतरात उभे राहते.

भारताने या तिन्ही सुधारणा एकदमच स्वीकारल्या. ब्रिटिशांची अपुरी राहिलेली ‘हर्क्युलिस’ ही नौका १९५७ मध्ये विकत घेऊन बेलफास्टच्या गोदीत ती पूर्ण करण्यात आली. तिला तिरपा डेक, वाफेचा कॅटापुल्ट आणि आरसा या तिन्ही गोष्टी बसविल्या होत्या. ४ मार्च १९६१ रोजी ती ‘विक्रांत’ या नावाने भारतीय नौदलात आली. त्याच वर्षी १८ मे रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी यांनी तिच्यावर पहिले जेट विमान उतरविले. हेच अधिकारी पुढे नौदलप्रमुख झाले. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या मुक्तीच्या वेळी ही नौका पश्चिम समुद्रात सज्ज होती. १९६४ मध्ये नौदलाचे ‘हंसा’ हे विमानतळ सुलूरहून दाबोळीस आले आणि गोवा हे नौदलाच्या विमानविद्येचे माहेरघर बनले. १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’च्या एका बॉयलरला तडे गेल्यामुळे तिचा वेग घटला होता. वेग कमी म्हणजे डेकवरचा वारा कमी. तरीही नेमका हिशेब ठेवून तिच्या विमानांनी चितगाव व कॉक्स बझार येथे मारा केला. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती सेवेतून निवृत्त झाली.

त्यानंतरच्या भारतीय नौकांवर कॅटापुल्ट नाही. तेथे डेकचे पुढचे टोक घसरगुंडीच्या शेवटासारखे वर वळविलेले असते. ही कल्पना ब्रिटिश नौदलातील डग्लस टेलर या अधिकाऱ्याची. ‘विराट’ नौकेवरील सी हॅरियर विमाने अशाच चढावरून उडत. २०१३ मध्ये आलेल्या ‘विक्रमादित्य’वर आणि नव्या ‘विक्रांत’वर मिग-२९के विमाने तशीच उडतात. चढावरून सुटलेल्या विमानाचा वेग त्या क्षणी सरळ उडावयास अपुराच असतो. परंतु ते वरच्या दिशेने फेकले गेल्यामुळे खाली येऊ लागण्यापूर्वी त्याला काही सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात त्याचे यंत्र उरलेला वेग मिळवून देते. वाफेची किचकट यंत्रणा वाचते, हा यातील लाभ; मात्र इंधन व शस्त्रे यांचा भार मर्यादित ठेवावा लागतो आणि टेहळणीची जड विमाने येथून उडू शकत नाहीत, हा तोटा. म्हणून अमेरिकेने २०१७ मध्ये दाखल केलेल्या ‘जेराल्ड फोर्ड’ नौकेवर वाफेच्या जागी विद्युत्‌चुंबकीय शक्तीचा कॅटापुल्ट बसविला आहे.

ही विद्या समुद्रावर जाण्यापूर्वी जमिनीवर शिकता यावी, यासाठी दाबोळीच्या ‘हंसा’ तळावर नौकेच्या डेकची प्रतिकृती उभारलेली आहे. तेथे चढही आहे आणि आडवे दोरही आहेत. भारतात घडविलेल्या तेजस विमानाच्या नौदली नमुन्याने २० डिसेंबर २०१४ रोजी तेथील चढावरून पहिले उड्डाण केले आणि १३ सप्टेंबर २०१९ रोजी दोरात अडकून तेथेच ते प्रथम थांबले. मग ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते विमान भर समुद्रात ‘विक्रमादित्य’च्या डेकवर उतरविले आणि दुसऱ्याच दिवशी तेथून उडविले. जमिनीवरची पाच वर्षांची तयारी डेकवरच्या तीन सेकंदांसाठी होती.

एलीच्या वाळूच्या पिशव्यांपासून तेजसपर्यंतचा हा प्रवास पाहता एक गोष्ट ध्यानात येते. विमाने जड झाली, वेगवान झाली. पण डेक त्या मानाने लांबला नाही. लांबला तो विचार. आकडा चुकणारच नाही, असे गृहीत धरणारा सरळ डेक घातक ठरला. आकडा चुकू शकतो, हे मान्य करणारा तिरपा डेक टिकला. उतरलेला वैमानिक विमान थांबण्याच्या क्षणी ते पुन्हा उडविण्याच्या तयारीत असतो. भित्रेपणाने नव्हे, तर चूक माणसाच्या हातून होतेच, हे जाणणाऱ्या शहाणपणाने ही तयारी त्याला शिकविलेली असते.