चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा



मध्यंतरी आम्ही गटातल्या सहा जणी भाईंदरला केबिन रोडवर हळदीला गेलो होतो. नवरीची आई आमच्याच गावची. रात्री ‘सवाल माझा ऐका’ या जुन्या सिनेमातली लावणी लागली आणि गुडघे धरून बसलेल्या आज्यासुद्धा उठल्या. एका पोरीनं विचारलं, “ही कोण गं?” सगळ्या म्हणाल्या, जयश्री गडकर! पडद्यावर त्याच होत्या, खरं आहे. पण गळा? तो सुलोचना चव्हाणांचा. ते नाव आमच्यातल्या दोघींनाच ठाऊक होतं. म्हणून आज त्यांच्याविषयी बोलू.

सुलोचनाबाई १९३३ साली मुंबईत जन्मल्या, गिरगावात वाढल्या. माहेरच्या त्या कदम. गाणं रीतसर कुणी शिकवलं नाही. ऐकून ऐकून गळ्यात बसवलं. लहान वयातच हिंदी सिनेमासाठी गाऊ लागल्या. मोहम्मद रफी, मन्ना डे यांच्यासोबतही गायल्या. घरात मात्र लावणी गुणगुणली की आईची बोलणी बसत. चांगल्या घरच्या पोरीनं हे गाऊ नये, असा तो काळ.

लग्न झालं श्यामराव चव्हाणांशी. त्यांनी बाईंना लावणी सोडायला लावली नाही, उलट ती नीट शिकवली. शब्द कुठं तोडायचा, कुठं जोर द्यायचा, हे बसवून घेतलं. लावणीत सूर लागतोच, पण शब्द ढोलकीच्या थापेवर नेमका पडावा लागतो. त्यालाच आपण ठसका म्हणतो. १९६२ साली ‘रंगल्या रात्री अशा’ आला आणि हा ठसका गावोगावी पोचला. संगीत वसंत पवारांचं, शब्द जगदीश खेबुडकरांचे. आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं.

बाई कार्यक्रमात नाचल्या नाहीत. अंगभर पदर घेऊन एका जागी उभ्या राहायच्या. नखरा, लाज, राग सगळं गळ्यातून. पुढं मुलगा विजय ढोलकीवर साथीला असायचा.

इथं एक गोष्ट विसरू नका. पदर घेऊन गाणारीला मान मिळाला, पण ही कला जगवली ती फडावर नाचणाऱ्या बायांनी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचा राष्ट्रपतींनी गौरव केला, तरी २००२ साली त्या गेल्या तेव्हा हातात पैसा नव्हता. आता त्यांच्या नावानं सरकार पुरस्कार देतं. सुलोचनाबाईंनाही पद्मश्री मिळाली ती २०२२ साली, वयाच्या एकोणनव्वदीत. त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या.

बायकांच्या कामाचं असंच होतं. पापड गटाचा, नाव दुकानाचं. गळा एकीचा, नाव दुसरीचं.

तेव्हा आम्ही ठरवलंय, आपल्या रेडिओवर गाणं लावलं की गाणारीचं नाव आधी सांगायचं. तुम्हीही एक करा. तुमच्या गावात जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी म्हणणारी आजी असेल. तिचं गाणं मोबाइलवर भरून घ्या. आधी तिला विचारा. आणि सुरुवातीला तिच्याच तोंडून तिचं पूर्ण नाव वदवून घ्या. अमक्याची आई, तमक्याची सून नको. तिचं स्वतःचं नाव.