चक्कर कानातली, गोळी किती दिवस?

आमच्या वस्तीतली एक ताई नळावर पाणी भरताना कोसळली. सगळं गरगर फिरतंय, उलट्या, कानात शिट्टी. बाया म्हणाल्या, "बाहेरचं आहे." पण कारणावाचून काही घडत नाही, हे बुद्धांनी शिकवलंय. कारण तिच्या कानातच होतं.

आतल्या कानात तोल सांभाळणारा द्रव असतो. मेनिएरच्या आजारात तो साचून वाढलेला असतो. चक्कर २० मिनिटांपासून काही तास टिकते, ऐकू कमी येतं.

यात गोळ्या दोन तऱ्हेच्या. प्रोक्लोरपेराझिन चक्कर-उलटी थांबवते. ती थोडेच दिवस घ्यायची. ताई जुन्या चिठ्ठीवर ती आठ महिने घेत राहिली, हात थरथरायला लागले. बीटाहिस्टिन झटके कमी व्हावेत म्हणून नेमाने घेतात. दमा किंवा पोटात अल्सर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पापड, लोणचं, सुकट कमी करा.

कूस बदलताना क्षणभरच गरगरत असेल, तर बहुधा गोळी नव्हे, डॉक्टरांकडून डोकं वळवण्याचा उपचार लागतो.

चकरेसोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले, तर लगेच १०८ला फोन करा.

आज घरातल्या चिठ्ठीवरची तारीख बघा. गोळी मनाने चालू ठेवू नका, मनाने बंदही करू नका.