चौकटी नकोत, हालचाल सांगा
प्रोग्रॅमिंगच्या आडवाटा : भाग ७

गेल्या आठवड्यात हास्केल या भाषेची ओळख झाली. एकदा ठरलेले मूल्य तिथे पुन्हा बदलत नाही आणि फंक्शनला तेच आकडे दिले की तेच उत्तर मिळते. मग जिथे काहीच बदलत नाही, तिथे पडद्यावर उडणारा चेंडू दाखवायचा कसा?

१९९७ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये फंक्शनल प्रोग्रॅमिंगची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे कोनल एलियट आणि पॉल ह्यूडॅक यांनी या प्रश्नाचे उत्तर मांडले. एलियट मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात होते; त्याआधी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये टीबॅग या त्रिमित चित्रप्रणालीवर त्यांचा हात बसला होता. ह्यूडॅक येल विद्यापीठात शिकवत. हास्केल घडवणाऱ्या मंडळींत त्यांचे नाव अग्रभागी येते. दोघांनी मांडलेल्या प्रणालीचे नाव होते फंक्शनल रिअ‍ॅक्टिव्ह अ‍ॅनिमेशन, म्हणजेच फ्रॅन.

अ‍ॅनिमेशनचा नेहमीचा प्रोग्रॅम कसा चालतो? जुने चित्र पुसायचे, चेंडूची जागा थोडी पुढे सरकवायची, नवे चित्र काढायचे आणि हे सेकंदाला कितीतरी वेळा करायचे. हालचाल कशी व्हावी आणि पडद्यावर ती कशी उमटवावी, या दोन गोष्टी त्यात पार गुंतून जातात. फ्रॅनने हा गुंता सोडवला. चेंडूची जागा हेच काळाचे फंक्शन: क्षण सांगा, जागा मिळेल. अशा सतत वाहणाऱ्या मूल्याला फ्रॅनमध्ये बिहेवियर म्हणतात. विगल नावाचे एक तयार बिहेवियर दर दोन सेकंदांत उणे एक ते एक असा हेलकावा पूर्ण करते. चित्राच्या आडव्या जागेला ते जोडले की चित्र डावी-उजवीकडे झुलू लागते. संगणक मंद असला तर सेकंदाला फ्रेम कमी निघतील, झुलण्याची लय मात्र तीच राहील.

माणसाने माऊस दाबला तर? त्यासाठी इव्हेंट आहेत. ‘डावे बटण दाबेपर्यंत लाल, मग पुन्हा दाबेपर्यंत हिरवा, आणि परत पहिल्यापासून’ हे वाक्य फ्रॅनमध्ये जवळजवळ याच क्रमाने लिहिता येते. आत्ता कोणता रंग चालू आहे याची नोंद ठेवणारे बदलते चल त्यात कुठेच नाही.

खरी गंमत भौतिकशास्त्रात येते. समजा एखादे चित्र माऊसच्या मागे धावायचे आहे आणि अंतर जितके जास्त तितका त्याचा वेग जास्त हवा. वेग जागेवर अवलंबून आणि जागा म्हणजे वेगाचे संकलन, अशी ही एकमेकांत अडकलेली दोन समीकरणे. ती आहेत तशीच लिहायची. मूल्याची गरज पडेपर्यंत गणित लांबणीवर टाकण्याच्या हास्केलच्या पद्धतीमुळे हे साधते. अकरावीच्या पुस्तकातले कॅल्क्युलस थेट पडद्यावर चालताना दिसावे, याहून सुंदर गोष्ट प्रोग्रॅमिंगमध्ये फारशी नाही. चेंडू भिंतीवर आपटण्याचा क्षण दोन फ्रेमच्या मध्ये आला, तरी तो निसटू नये म्हणून दोघांनी अंतराल-गणिताचाही, म्हणजे एका क्षणाऐवजी काळाच्या अख्ख्या तुकड्यावर चालणाऱ्या गणिताचाही, आधार घेतला होता.

या सगळ्या सोयीची किंमत जबर होती. बिहेवियर मागच्या सगळ्या घडामोडींवर अवलंबून राहू शकते. एखादे मूल्य बराच वेळ कोणी विचारलेच नाही, तर तो इतिहास मेमरीत साचत जातो. आणि पुढे कधी विचारले की साचलेले सगळे गणित एकदम उपसावे लागते. प्रोग्रॅम अडखळतो. प्रोग्रॅमच्या ओळींकडे पाहून हे होणार असल्याचा अंदाजही येत नाही, आणि हाच फ्रॅनचा सर्वांत मोठा दोष.

तरीही कल्पना टिकली. २००७ साली दहा वर्षांमागचा सर्वाधिक प्रभावी लेख म्हणून परिषदेने फ्रॅन मांडणाऱ्या लेखाचा गौरव केला. २०१२ मध्ये हार्वर्डच्या इव्हान चॅप्लिकी यांनी आपल्या प्रबंधात याच परंपरेतून वेबपानांसाठी एल्म ही भाषा उभी केली. २०१६ मध्ये मात्र काळासोबत वाहणारे सिग्नल एल्ममधून काढून टाकण्यात आले. शिकणाऱ्यांना ते जड जात होते.

पुढच्या आठवड्यात येलमध्येच घडलेली यांपा ही प्रणाली पाहू. फ्रॅनमध्ये मेमरीत साचणारा इतिहास थांबवण्यासाठी तिने प्रोग्रॅमरचे थोडे स्वातंत्र्य काढून घेतले. तोवर वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन उसळणाऱ्या चेंडूची उंची केवळ काळाचे सूत्र म्हणून लिहून पाहावी. जमिनीला टेकण्याच्या क्षणी हात कुठे अडतो, तिथूनच पुढचा भाग सुरू होईल.