घरच्या गौरींची चित्रफीत

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर गौरींचे आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, असा हा तीन दिवसांचा सोहळा महाराष्ट्रात घरोघरी होतो. शास्त्र एक असले तरी कुलाचार मात्र घरागणिक निराळा. कोणाकडे मुखवट्यांच्या गौरी, कोणाकडे पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या, तर कोकणात कित्येक घरी तेरड्याच्या. उंबरठ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत काढावयाची पावले, गौरीला नेसवावयाच्या साडीच्या निऱ्या, नैवेद्याच्या पानातील वाढणीचा क्रम, हे सारे बहुधा कोणत्याही पोथीत लिहिलेले नसते. ते घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या हातात आणि कंठात असते. आणि ती आहे तोवरच ते आहे.

म्हणून, ज्यांनी आजवर स्मार्टफोनचा उपयोग केवळ बोलण्यापुरता केला असेल, अशांनाही यंदा एक विनंती करावीशी वाटते. आपल्या घरच्या कुलाचाराच्या लहान लहान चित्रफिती आपण स्वतः घ्याव्यात.

प्रस्तुत लेखकाच्या कीर्तनगुरूंचे एकही ध्वनिमुद्रण आज कोठे नाही. त्यांची पदे वहीत आहेत, चाली आम्हा शिष्यांच्या गळ्यात आहेत. परंतु पूर्वरंग संपवून आख्यानाकडे वळताना ते ज्या तऱ्हेने क्षणभर थांबत, ते थांबणे कोणत्या वहीत उतरविणार? उलटपक्षी, गी पोएतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, म्हणून ते स्त्रीधन आज आपल्यापुढे आहे. हेच काम आपापल्या घरापुरते प्रत्येकास करता येईल.

नवशिक्याने संकोच बाळगू नये. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे त्र्यंबकेश्वरी एका शास्त्रीबुवांच्या पोटी जन्मले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित होण्यापूर्वी, १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो एवढेच दाखविणारा एक लघुपट तयार केला होता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची जी चित्रे दाखविली गेली, तीदेखील प्रत्येकी मिनिटभराच्या आतबाहेरचीच होती. तेव्हा लहान असणे हा दोष नव्हे.

आधी संकल्प

पूजेस संकल्पाने आरंभ होतो, तसाच चित्रफितीसही व्हावा. काय टिपावयाचे ते आधी ठरवावे. एका फितीत एकच विषय आणि मिनिटभराची मर्यादा पुरेशी आहे. उकडीच्या मोदकाचे उदाहरण घ्या. कृती पुस्तकात मिळते. पण पारीला कळ्या पाडताना आजींचा अंगठा कोठे दाबतो आणि तळहातावर पारी कशी फिरते, हे पाहिल्यावाचून कळत नाही. तेथे चेहरा नव्हे, हात दिसले पाहिजेत. त्याकरिता पडद्यावर दोन बोटे ताणून चित्र मोठे करण्यापेक्षा आपणच दोन पावले पुढे जावे. चित्र स्वच्छ येते.

फोन आडवा धरावा की उभा, हे आरंभीच ठरवावे आणि मध्येच फिरवू नये. अनेक माणसे व सारी आरास दाखवावयाची तर आडवा बरा. एकच व्यक्ती गात असेल तर उभाही चालतो. दोन्ही कोपरे बरगड्यांशी टेकवून धरल्यास हात कापत नाही. पाटावर उलटा डबा ठेवून त्याचा आधार घेतला तर आणखी उत्तम. आरंभी एक-दोन क्षण आणि शेवटी एक-दोन क्षण अधिक घ्यावेत, म्हणजे पहिला शब्द तुटत नाही.

प्रकाश आणि ध्वनी

सणाच्या दिवशी हाताला तेल, कुंकू असतेच. फोनच्या भिंगावर त्याचा ठसा उमटला की समईची ज्योत धुरकट दिसते. यास्तव प्रथम भिंग मऊ सुती कापडाने पुसावे. खिडकीचा उजेड आपल्या पाठीशी घ्यावा. मखरामागील लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा तेवढ्या वेळापुरत्या बंद कराव्यात, नाहीतर चित्र सारखे उजळते आणि काळवंडते. निरांजनाच्या तेजाने मुद्रा काळी पडत असेल, तर पडद्यावर त्या मुद्रेवर बोट ठेवावे. पुष्कळ फोनांत बोट क्षणभर दाबून धरल्यास तो उजेड तसाच स्थिर राहतो.

ध्वनीचे महत्त्व चित्राहूनही थोर आहे. आजी गौरीचे गाणे म्हणत असतील तर पंखा बंद करावा आणि फोन त्यांच्यापासून दोन-तीन फुटांवर असावा. आरतीचे वेळी मात्र उलट करावे. झांजांच्या निकट उभे राहिल्यास आवाज फाटतो. मध्येच कोणाचा फोन येऊन विघ्न येऊ नये म्हणून विमानाचे चिन्ह असलेली सोय आधी चालू करावी.

जतन आणि मर्यादा

आरंभी नाव, गाव, तिथी आणि वर्ष मोठ्याने उच्चारावे. पन्नास वर्षांनी पाहणाऱ्यास तेवढाच आधार असतो. मिनिटभराची साधी फीत सुमारे ६० ते १३० एमबी जागा घेते, म्हणून सणाआधी फोनमध्ये जागा करून ठेवावी. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून धाडलेल्या फितीची प्रत खालावते. मूळ फीत ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडावी. शिवाय संगणकात एक आणि पेनड्राइव्हवर एक, अशा दोन प्रती असाव्यात. ‘राजा हरिश्चंद्र’देखील आज संपूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही, हे ध्यानात ठेवावे.

अखेरीस मर्यादेचा विचार. अनेक देवालयांच्या गाभाऱ्यात चित्रण वर्ज्य असते. तो नियम निमूटपणे पाळावा. घरातही आजींची अनुमती घेतल्यावाचून त्यांची फीत बाहेर धाडू नये. घरातील एकानेच फोन हाती घ्यावा आणि इतरांनी हात जोडावेत. आणि ज्याच्या हाती फोन आहे, त्यानेही आरतीची पहिली दोन कडवी झाली की तो खाली ठेवावा. देवीला अर्पण व्हावयाची आहे ती आपली भक्ती. फीत ही नातवंडांसाठी आहे. दोघांचा वाटा ज्याचा त्याला मिळावा, एवढेच मागणे.