मोकळ्या रानातले लग्न : आधी करार लिहा, मग खांब रोवा

भोर आणि वेल्हे या पुणे जिल्ह्यातील डोंगराळ तालुक्यांत भाताची कापणी उरकली की खाचरे मोकळी होतात आणि लग्नाच्या मांडवांना जागा मिळते. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली, लोकांच्या तोंडी जुने नाव आहेच.) शहरात कार्यालय घेण्यापेक्षा गावच्या मोकळ्या जागेत कार्य करावे, असे म्हणणारी घरे आमच्या परिचयात बरीच आहेत.

अशा एका लग्नावर अनेकांच्या चुली पेटतात. मंडपवाला, वायरमन, बावर्ची, खाटीक, बागवान, अत्तार, बांगड्या भरणारा मणियार, गाद्या-तक्के पुरवणारा पिंजारी, असे कितीतरी धंदे आपल्या बांधवांच्या हाती आहेत आणि त्यांचे गिऱ्हाईक सर्व समाजांचे आहे. धंदा हलाल आहे, मेहनतीचा आहे. पण त्यात एक कच्चा दुवा आहे. व्यवहार तोंडी होतो आणि पाऊस मात्र तोंडी वायदा पाळत नाही!

आमच्या ओळखीच्या एका मंडप कारागिराचे उदाहरण घ्या. मे महिन्यात वेल्ह्याकडील एका गावी त्याने मांडव घातला. पहिल्या दिवशी निकाह व्यवस्थित पार पडला. दुसऱ्या दिवशी वलीमा होता. दुपारी वळवाचा वारा सुटला, खुंट्या उपटल्या, छत फाटले, अन्न भिजले. यजमान म्हणाले, "मांडवच टिकला नाही, मग पैसे कसले?" कारागीर म्हणाला, "वारा काय मी आणला?" विसार पाच हजारांचा होता, येणे चाळीस हजारांचे. जमातीतील बुजुर्ग मंडळींनी मध्यस्थी करून निम्म्यावर तोडले. पैशांचा निकाल लागला, पण दोन्ही घरांतला सलाम तुटला तो तुटलाच.

दोन दिनदर्शिका जवळ ठेवा

या धंद्याचा हंगाम दोन चंद्रांवर चालतो. हिंदू बांधवांचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि चातुर्मासात थांबतात. हिजरी वर्ष मात्र इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी मागे सरकतो. मुहर्रममध्ये लग्न करू नये असा शरीअतचा हुकूम नाही, तरी अनेक घरांत तो महिना टाळण्याची चाल आहे. २०२६ सालचेच पाहा. रमजान फेब्रुवारी-मार्चमधला, मुहर्रमचा आरंभ जूनच्या मध्यावर. म्हणजे आपली लग्ने ईदनंतरच्या एप्रिल-मेमध्ये एकवटणार, तेव्हाच मुहूर्तांचीही गर्दी आणि वळवाचाही काळ! २०३० साली तर रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. ज्याने हे आधी वहीत मांडले, त्याला सामान आणि मजूर दोन्ही वेळेवर मिळतील.

जागा पाहताना

खाचर सपाट दिसते, पण बांधाखालची जमीन ओल धरते आणि ओल्या मातीत खुंटी टिकत नाही. जागा सकाळी पाहू नये, दुपारी तीन-चारला पाहावी; वाऱ्याची दिशा तेव्हा कळते. मांडवाची उघडी बाजू वाऱ्याच्या तोंडी ठेवू नये. टेम्पो बांधापर्यंत येतो की माल डोक्यावर वाहावा लागेल, हे ठरल्याशिवाय भाव सांगू नये. महाडकडून पाहुणे येणार असतील तर जूननंतरची तारीख धरूच नये. वरंध घाट पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा बंद ठेवावा लागतो. ध्वनिक्षेपक रात्री १० नंतर उघड्यावर चालत नाही, हा २००० सालच्या नियमांचा भाग आहे. तेव्हा कार्यक्रम दिवसाउजेडी आटोपलेला बरा.

आगीबाबत तर हयगय नकोच. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका विवाहगृहात शाळेचा समारंभ चालू असताना मंडपाने पेट घेतला आणि चारशेहून अधिक माणसे, बहुतेक लहान मुले, मृत्युमुखी पडली. भटारखाना मांडवापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावा. वायरचे उघडे जोड कापडाला लागू देऊ नयेत. बाहेर जाण्याच्या वाटा दोन तरी असाव्यात आणि त्या कनातीने बंद करू नयेत.

विसार कोणाचा?

लग्न मोडले किंवा तारीख बदलली तर विसार मंडपवाल्याने ठेवावा का? हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. हनफी, मालिकी व शाफई फुकहांनी विसार जप्त करणे नाजायज मानले आहे. हंबली मताने ते चालते. इस्लामी राष्ट्रांच्या फिकह अकादमीने १९९३ मध्ये मुदत ठरलेली असल्यास त्यास परवानगी दिली. आपण आपल्या आलिमांना विचारावे. आमच्या मते झगडा टाळण्याचा सोपा मार्ग असा : रद्द झाल्यास मजुरी, टेम्पोभाडे व आणलेला नाशवंत माल एवढा प्रत्यक्ष खर्च यजमानाने द्यावा आणि उरलेला विसार परत व्हावा, हे आधीच ठरवून घ्यावे.

भाड्याच्या वस्तूंबाबत फिकहचे तत्त्व स्पष्ट आहे. ती घेणाऱ्याच्या हाती अमानत असते. त्याच्या हयगयीने मोडली तर भरपाई त्याने द्यावी. वाऱ्या-पावसाने गेली तर नुकसान मालकाचे. भाडे मात्र जितका उपयोग झाला तितके देणे लागते. वरच्या प्रकरणात हे चार ओळींत लिहिलेले असते, तर कापड मंडपवाल्याचे गेले असते, पहिल्या दिवसाचे भाडे यजमानाने बिनतक्रार दिले असते आणि सलामही टिकला असता.

म्हणून कागदावर एवढे यावेच : दोन्ही दिनदर्शिकांची तारीख, सामानाची मोजून यादी, मांडव उभारण्याची व उतरवण्याची वेळ, विसार व उरलेल्या रकमेची मुदत, पावसात पर्यायी जागा कोणती, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार करण्याचा आदेश आहे. निकाहला साक्षीदार लागतात हे आपण विसरत नाही. मग मांडवाच्या व्यवहाराला का विसरतो?

यजमानांनाही एक विनंती. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हिजरत करून मदिनेत आले, तेव्हा त्यांनी मदतीऐवजी बाजाराची वाट विचारली. व्यापारातून कमावून त्यांनी लग्न केले, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना वलीमा करण्यास सांगितले, एका बकरीचा का होईना. मांडव लहान असला तर वाऱ्याला कमी सापडतो आणि कर्जही कमी होते. मात्र त्यात राबणाऱ्याची मजुरी त्याच दिवशी चुकती करा. इन्शाअल्लाह, त्या घरात बरकत राहील.